भिंतीवरचा उडीबहाद्दर

बालदोस्तांनो, घराच्या भिंतीवर किंवा खिडकीच्या गजावर नखाएवढा केसाळ कोळी तुम्ही नक्कीच पाहिला असेल. बोट जवळ नेलं की गर्रकन वळून तो तुमच्याकडेच टक लावून बघतो! मग टुणकन उडी, की स्वारी पसार. हाच उडी मारणारा कोळी.

कोळी हा कीटक नव्हे, बरं का! कीटकाला पाय सहा आणि शरीराचे भाग तीन. कोळ्याला पाय आठ, भाग मात्र दोनच. म्हणून शास्त्रज्ञांनी त्याला विंचवाच्या पंगतीला, वेगळ्या वर्गात बसवलं आहे. जगात कोळ्यांच्या 50,000 हून अधिक जाती माहीत आहेत. त्यांतल्या 6,000 हून जास्त या उडीबाजांच्या. त्यांच्या कुळाचं नाव 'साल्टिसिडी'. कोळ्यांमधलं हे सर्वांत मोठं कुळ!

त्याला ओळखायचं कसं? डोळे बघा. आठांपैकी चार डोळे समोर असतात आणि त्यांतले मधले दोन मोटारीच्या दिव्यांसारखे मोठे. या दोघांनी त्याला बारकावे दिसतात. बाकीचे डोळे आजूबाजूची हालचाल टिपतात. शिकारीसाठी हे कोळी बहुधा जाळं विणत नाहीत. मांजरासारखे दबकत जातात आणि झडप घालतात. शरीरातला द्रव जोराने मागच्या पायांत ढकलला, की दुमडलेले पाय ताठ होतात आणि उडी बसते! उडीपूर्वी रेशमी धागा भिंतीला चिकटवलेला असतो, गिर्यारोहकाच्या दोरासारखा.

2021 मध्ये ठाणे परिसरातल्या अशाच एका नव्या जातीचं नाव ठेवलं गेलं 'आयसियस तुकारामी'. पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा. हे तुकाराम म्हणजे मुंबई पोलीस दलातले तुकाराम ओंबळे. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री हाती फक्त लाठी असताना त्यांनी दहशतवाद्याची बंदूक घट्ट धरून ठेवली. तो जिवंत पकडला गेला, ओंबळे मात्र हुतात्मा झाले. 2009 मध्ये त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं.

बघा, इतक्या गजबजलेल्या भागातही हा कोळी 2021 पर्यंत बिननावाचाच होता! तेव्हा आईने जळमटं काढायला केरसुणी उचलली, तर सांगा, "आई, थांब. हा माश्या-डास खातो, आणि जळमटं याची नव्हेत." मग हात न लावता भिंगातून त्याचे डोळे मोजा. तोही तुम्हांला न्याहाळत असेल!