बाबांची साखर आणि 'आर'चे धडे

बडोद्याला बाबा उपाशीपोटीची साखर वहीत टिपतात. 'आर' शिकताना मी तीच वही संगणकावर उतरवली. १३२, १४८, १२७... पाच दिवशी मात्र नुसतं 'राहिली'. सरासरी निघेना! व्हेक्टरमध्ये एकाच प्रकारची माहिती मावते. शब्द शिरला की सगळे आकडेही अक्षरं होतात. तिथे शून्य भरलं असतं, तर सरासरी खोटीच उतरली असती. म्हणून 'एनए' लिहिलं, ते वगळायला सांगितलं आणि उत्तर आलं.

मग डेटा फ्रेम केली : तारीख, साखर, औषध असे शेजारी-शेजारी रकाने. पाचही 'एनए' आई इंदूरला मावशीकडे गेली होती त्याच आठवड्यातले! आता आई गावाला गेली, की सकाळी सातला मी बाबांना फोन करतो.