आमचा कंपायलर सी लिहितो

सकाळी ९.३० : रात्री लावलेल्या चाचण्यांचा निकाल आधी बघते. आमच्या छोट्या भाषेचा कंपायलर मशीन कोड काढत नाही. तो सी भाषेतला प्रोग्राम लिहितो. पुढचं जीसीसी किंवा क्लँग हे सी कंपायलर बघून घेतात. एक्स८६, एआरएम, रिस्क-फाइव्ह, कशासाठीच वेगळा खटाटोप नाही. बियार्ने स्ट्रॉस्ट्रुपचा सीफ्रंट, सी++चा पहिला कंपायलर, असाच सी लिहायचा. १९८५मध्ये तो बाजारात आला.

१०.१५ : एक चाचणी लाल. ऑप्टिमायझेशन बंद असताना उत्तर बरोबर, चालू केलं की चूक. आमच्या भाषेत बेरीज मर्यादेबाहेर गेली तर आकडा फिरून ऋण होतो. सीमध्ये साइन्ड पूर्णांकाची अशी बेरीज ‘अनडिफाइन्ड’. असं कधी घडतच नाही, असं धरून ऑप्टिमायझर ‘आकडा ऋण झाला का’ ही आमची तपासणीच उडवतो. आता प्रत्येक बेरीज अनसाइन्डमध्ये करून परत साइन्डमध्ये आणायची.

१२.०० : फंक्शनला दिलेल्या किमती डावीकडून उजवीकडे मोजायच्या, हा आमचा नियम. सी असा क्रम पाळेलच, याची हमी नाही. म्हणून प्रत्येक किंमत आधी तात्पुरत्या व्हेरिएबलमध्ये. निघालेला कोड दिसायला भयंकर, पण तो वाचणार कोण?

१.०० : डबा.

२.०० : टेल कॉल, म्हणजे फंक्शननं अगदी शेवटी केलेला कॉल. फंक्शननं शेवटी स्वतःलाच बोलावलं तर ‘गोटू’ पुरतो. दोन फंक्शनं एकमेकांना बोलावत राहिली की स्टॅक भरतो. सीच लिहिणाऱ्या चिकन स्कीम या कंपायलरमध्ये हेन्री बेकरची युक्ती आहे : फंक्शन परततच नाही, स्टॅक भरला की जिवंत डेटा हीपवर हलवून स्टॅक रिकामा करायचा. आम्ही साधा ट्रॅम्पोलिन घेतो : फंक्शन पुढचं फंक्शन कोणतं ते सांगून परततं, आणि एक लूप ते बोलावतो. वेग थोडा जातो.

४.०० : नव्यानं आलेला मुलगा विचारतो, “मॅडम, सी लिहिण्याऐवजी सरळ एलएलव्हीएमकडून मशीन कोड का नाही काढून घेत?”

“आपल्या ग्राहकाचा मायक्रोकंट्रोलर आहे ना, त्याच्यासाठी चिप कंपनीनं फक्त सी कंपायलर दिलाय.”

५.१५ : निघणाऱ्या सीमध्ये ‘#line’च्या ओळी घालते. त्यामुळे डीबगर आमचा कुरूप कोड न दाखवता प्रोग्रामरची मूळ फाइल दाखवतो.

६.३० : दुरुस्ती कमिट, चाचण्या पुन्हा रात्रीवर. सीनं सगळी यंत्रं दिली. दिवस गेला तो सीला आमच्या भाषेचे नियम पाळायला लावण्यात. हॅस्केल भाषेच्या जीएचसी या कंपायलरनं सी लिहिण्याची वाट बहुतेक सोडली. तरी अनोळखी यंत्रावर पहिल्यांदा उतरवताना तोही सीमधूनच जातो.