जुळ्याचं अक्षर

हैदराबादच्या भोवतीचा कुरुमा मेंढपाळ आणि फलटणच्या माळावरचा धनगर यांची बोली वेगळी, पण कळप ओळखीचा: काळी, खरबरीत लोकरीची दख्खनी मेंढी. घोंगडीला उत्तम, चालायला दणकट. वेताला कोकरू मात्र बहुधा एकच.

एकाची दोन करण्याचा उद्योग फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं मांडला. बी. व्ही. निंबकरांनी १९६८ साली ही संस्था उभारली. मेंढ्यांचं काम पुढं डॉ. चंदा निंबकरांनी नेलं. त्यासाठी सुंदरबनच्या दलदलीतली गारोळ मेंढी आणली. अंगानं शेळीच्या पाटीएवढी, पण जुळी-तिळी देणारी. अठराव्या शतकाच्या अखेरीस बंगालहून ऑस्ट्रेलियाला गेलेल्या मेंढ्यांतून हाच गुण तिथल्या बुरुला मेरिनो कळपात उतरला, असं मानतात. २००१ साली त्याचं मूळ सापडलं. एका जनुकातलं एकच अक्षर बदललेलं, आणि त्यापायी एका माजात एकाहून जास्त अंडी सुटतात.

अक्षर कळल्यावर रक्ताच्या थेंबावरून मेंढा निवडता येऊ लागला. ही चाचणी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या सहकार्यानं बसवली गेली. ज्या मेंढ्याकडं या जनुकाच्या दोन्ही प्रती बदललेल्या आहेत, त्याच्या प्रत्येक कोकराला बदललेली एक प्रत तरी मिळतेच. दख्खनीत हे अक्षर उतरवून झालेल्या वाणाला ‘नारी सुवर्णा’ नाव मिळालं.

मला त्या अक्षरापेक्षा त्यानंतरचा हिशोब महत्त्वाचा वाटतो. आचळं दोन आहेत, पण उन्हाळ्यात दूध कुठून येणार? जुळ्यातलं अशक्त कोकरू शेळीखाली लावावं लागतं, आईला खुराक द्यावा लागतो. नुसतं जनुक दिलं आणि चारा दिला नाही, तर जुळं म्हणजे धनगराच्या बायकोच्या डोक्याला नवा ताप.

संस्थेचं हे काम ऑस्ट्रेलियाबरोबरच्या प्रकल्पातही चाललं, आणि त्या प्रकल्पाला दुसरी गोष्टही हवी होती: जंताला दाद न देणारी मेंढी. पावसाळ्यात रक्त पिणारा हिमॉन्कस जंत चौथ्या पोटात बसतो, मेंढी पांढरी पडते, जबड्याखाली पाणी उतरतं. दलदलीत चरणारी गारोळ त्याला दख्खनीपेक्षा बरी तोंड देते. पण ही ताकद एका अक्षरात मावत नाही. ती अनेक जनुकांत विखुरलेली आहे. म्हणून लेंड्यांतली अंडी मोजायची, पिढ्यान्‌पिढ्या नोंदी ठेवायच्या. वाड्यावर मात्र खालची पापणी ओढून आतली लाली बघायची, आणि फिकी दिसली तिलाच औषध पाजायचं.