तोतयाची भाषा

दुसऱ्याचे नाव धारण करून वावरणाऱ्यास मराठीत 'तोतया' म्हणतात. १७६१ च्या पानिपत-संग्रामानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया निघाला व १७७६ मध्ये त्यास देहदंड झाला. भाऊ म्हणून मान्यता मिळविण्यासाठी त्यास संपूर्ण माणसाचे सोंग आणावे लागले. क्रेडिट कार्डाच्या तोतयास मात्र कार्डाचा क्रमांक, त्याच्या मुदतीची तारीख, सीव्हीव्ही आणि मोबाइलवर येणारा ओटीपी एवढे अंक पुरतात; आणि ते पुष्कळदा कार्डधारकाच्याच तोंडून वदवून घेतले जातात.

या संभाषणाची रचना ठरीव असते. प्रथम बँकेचे नाव, मागोमाग 'आजच कार्ड बंद होईल' हे भय आणि अखेरीस 'सांगा' हे आज्ञार्थी क्रियापद. विचारास अवसर राहू नये, हाच या घाईचा हेतू होय. शुद्ध भाषा, अदबीचे 'आपण' किंवा आपली जन्मतारीख ठाऊक असणे, हा ओळखीचा पुरावा नव्हे. बोलणारा कोण, हे फोनवर ठरविता येत नाही. तो काय मागतो, हे मात्र निश्चित कळते. ओटीपी व पिन बँक कधीही विचारीत नाही. यूपीआयचा पिनही पैसे स्वीकारण्यासाठी लागत नाही.

म्हणून अशी मागणी होताच संभाषण थांबवावे आणि कार्डावर छापलेल्या बँकेच्या क्रमांकावर स्वतः फोन करावा. रक्कम गेलीच, तर कार्ड तत्काळ बंद करवून १९३० या राष्ट्रीय साहाय्य-क्रमांकावर तक्रार नोंदवावी. विलंब झाल्यास रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात सरकत जाते व ती अडविणे दुष्कर होते.