वल्हं न मारणारा खेळाडू

धाराशिव जिल्ह्यात नावेच्या शर्यतीचा विषय काढला तर लोक हसतील. नळदुर्गचा नर-मादी धबधबा वाहिला की आपण खूश! पण आज गोष्ट पाण्यावरचीच आहे.

रोइंगमध्ये नाव जिकडे जाते, तिकडे वल्हं मारणाऱ्यांची पाठ असते. म्हणून एक जण पुढे तोंड करून बसतो. तो कॉक्स. सुकाणू त्याच्याकडे, ताल तोच देतो, जोर कधी लावायचा तेही तोच ओरडून सांगतो. आपल्या लेझीम पथकात शिट्टीवाला असतो ना, तसाच. पण तो वल्हं मारत नाही, म्हणजे नावेला त्याचं वजन ओढावंच लागतं. त्यामुळे कॉक्स जितका हलका तितका बरा.

हर्मानस ब्रॉकमन हा नेदरलँड्सचा कॉक्स, जन्म 1871. 1900 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तो ब्रांट आणि क्लाइन या जोडीच्या नावेत होता. आधीच्या फेरीत ते फ्रेंच जोडीकडून हरले. फ्रेंचांनी कॉक्स म्हणून लहान मुलगा बसवला होता. ब्रॉकमन साधारण 60 किलोचा. तरी फायनल मिळाली. मग दोघांनी ब्रॉकमनला उतरवलं आणि एक फ्रेंच पोरगा नावेत घेतला. 26 ऑगस्टला सीन नदीवर, 1750 मीटरच्या शर्यतीत, त्याच फ्रेंच जोडीला त्यांनी फक्त 0.2 सेकंदाने हरवलं!

पोराचा जोडीसोबत फोटो निघाला. नाव मात्र कुणी लिहून घेतलं नाही. कदाचित तो ऑलिंपिकचा सगळ्यात लहान विजेता असेल, पण आजही तो निनावीच आहे.

आणि ब्रॉकमन? त्याच स्पर्धेत तो चार वल्हेकऱ्यांच्या नावेत रौप्य आणि आठ जणांच्या नावेत कांस्य जिंकला. 1936 मध्ये तो वारला.

आज जागतिक स्पर्धांत कॉक्सचं वजन किमान 55 किलो लागतं. कमी भरलं तर तेवढं वजन नावेत ठेवतात. म्हणजे हलकं पोर बसवून फायदा नाही.

मला मात्र तो फोटो सारखा आठवतो. तुमच्या गावच्या कबड्डी संघाचा जुना फोटो घरात असेल, तर आजच आजोबांना विचारा आणि मागे सगळ्यांची नावं लिहून ठेवा. कडेला उभ्या असलेल्या पोराचंही. भेटू पुढच्या भागात!