तळातून आलेला विजेता

30 एप्रिल 2017. शिलाँगच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर आयझॉल एफसीला आय-लीग जिंकायला एकच गुण हवा होता. समोर यजमान शिलाँग लाजाँग. नवव्याच मिनिटाला दिपांदाने गोल करून लाजाँगला आघाडी दिली. त्याच वेळी कोलकात्यात मोहन बागान चेन्नई सिटीशी खेळत होता. आयझॉल हरला असता, तर विजेतेपद निसटण्याची भीती होती. 67व्या मिनिटाला विल्यम लालनुनफेलाने बरोबरीचा गोल केला आणि सामना 1-1 असा सुटला. 18 सामन्यांत आयझॉलचे 37 गुण झाले, बागानचे 36. ईशान्य भारतातला क्लब देशाच्या लीगचा विजेता होण्याची ही पहिलीच वेळ होती.

त्या आठवड्यात देशभर ‘परीकथा’ हा शब्द गाजला. पण परीकथेत कार्यकारणभाव लागत नाही, आणि आयझॉलच्या यशाला तर भक्कम कारणे होती. ती महाराष्ट्राने समजून घ्यायला हवीत, कारण त्यातली काही थेट मुंबई-पुण्याशी जोडलेली आहेत.

हद्दपारी आणि पुनरागमन

2015-16 हा आयझॉलचा आय-लीगमधला पहिला मोसम. नऊ संघांत तो आठवा आला. तळाला होता पुण्याचा डीएसके शिवाजीयन्स. पण हा क्लब थेट प्रवेश घेऊन लीगमध्ये आला होता आणि नियमाने त्याला पदावनतीपासून संरक्षण होते. त्यामुळे आठव्या क्रमांकाचा आयझॉल खालच्या श्रेणीत गेला. 2016च्या मे महिन्यात तो फेडरेशन चषकाच्या अंतिम फेरीपर्यंत पोहोचला होता. तिथे बागानने त्याला 5-0 असे हरवले, तरी या संघात दम आहे हे दिसून आले होते.

पुढे गोव्यातून वेगळीच घडामोड झाली. इंडियन सुपर लीगला सर्वोच्च स्थान देऊन आय-लीगला दुसऱ्या पायरीवर ढकलण्याच्या प्रस्तावाविरोधात साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब दी गोवा यांनी माघार घेतली. मग धेंपोनेही तोच मार्ग धरला. त्यामुळे जागा रिकाम्या झाल्या आणि आयझॉलला पुन्हा बोलावणे आले. मिळालेल्या संधीचे सोने कसे करायचे, हे मात्र क्लबलाच ठरवायचे होते.

मुंबईने सोडलेला प्रशिक्षक

खालिद जमील 2009 पासून मुंबई एफसीचा प्रशिक्षक होता. तुटपुंज्या साधनांत त्याने हा संघ वर्षानुवर्षे लीगमध्ये टिकवून धरला. 2016मध्ये क्लबने त्याला निरोप दिला आणि आयझॉलने त्याला बोलावून घेतले. त्याच्यापाठोपाठ मुंबई एफसीत खेळलेले जयेश राणे आणि आशुतोष मेहता हेही मिझोरमला गेले. गोलजाळ्यासमोर गोव्याचा आल्बिनो गोम्स उभा राहिला. मधल्या फळीत सीरियाचा महमूद अल-अमना आणि लायबेरियाचा अल्फ्रेड जारियान होते. त्यांच्या जोडीला लालरुआत्थारासारखी तरुण मिझो मुले होती. आधी बचाव पक्का, मग वेगाने चढाई, हे खालिदचे सूत्र या मुलांच्या चपळाईला अगदी मानवले.

त्याच मोसमात मुंबई एफसी दहा संघांत शेवटचा आला आणि लीगबाहेर फेकला गेला. प्रशिक्षक तोच, खेळाडूही काही तेच. एका शहरात ते नकोसे ठरले आणि दुसऱ्या शहरात विजेते झाले.

लीग आधी, विजेता नंतर

2011च्या जनगणनेत मिझोरमची लोकसंख्या सुमारे 11 लाख होती, म्हणजे मुंबईच्या एखाद्या मोठ्या उपनगराएवढी. पण फुटबॉल तिथे वस्तीवस्तीत खेळला जातो. 2012मध्ये मिझोरम प्रीमियर लीग सुरू झाली आणि स्थानिक वाहिनीवरून तिचे सामने घरोघरी दिसू लागले. गल्लीतला मुलगा टीव्हीवर झळकू लागला, त्याच्या खेळाला किंमत आली. 2014मध्ये मिझोरमने पहिल्यांदाच संतोष करंडक जिंकला. आयझॉल एफसी या पायावर उभा होता. मालक रॉबर्ट रॉयटे यांना महागडे खेळाडू घेता येत नव्हते, पण तयार खेळाडू आणि तयार प्रेक्षक हाताशी होते.

त्याची प्रचिती 22 एप्रिलला आली. घरच्या राजीव गांधी स्टेडियमवर बागानविरुद्ध शेवटची काही मिनिटे उरली असताना झोहमिंगलियाना राल्तेने हेडर मारला आणि आयझॉल 1-0 ने जिंकला. शिलाँगचा एक गुण पुरेसा ठरला तो या विजयामुळेच.

विजेत्याला बंद दार

विजेतेपदानंतर काय घडले, हा या मोसमाचा सर्वांत कटू भाग आहे. सुपर लीगमध्ये दोन नवे संघ आले, पण देशाचा विजेता असूनही आयझॉलला तिथे जागा मिळाली नाही. ते दार गुणतक्त्याने उघडत नव्हते, पैशाने उघडत होते. खालिद ईस्ट बंगालला गेला, अल-अमनाही तिकडेच. जयेश राणे एटीकेकडे, लालरुआत्थारा केरळ ब्लास्टर्सकडे. काही महिन्यांत संघ विखुरला. मैदानावर जिंकलेल्या क्लबला वरची पायरी न देणे हा अन्याय होता, आणि तो अन्याय म्हणूनच नोंदवला गेला पाहिजे. लीग जिंकून सुपर लीगमध्ये बढती मिळवणारा पहिला क्लब म्हणजे पंजाब एफसी, तोही 2023मध्ये.

महाराष्ट्राचा हिशेब आणखी बोचरा आहे. मुंबई एफसी आणि डीएसके शिवाजीयन्स हे दोन्ही क्लब लवकरच संपले. 2017-18च्या आय-लीगमध्ये राज्याचा एकही संघ नव्हता. ज्या खालिदला मुंबईच्या क्लबने सोडले, तो ऑगस्ट 2025मध्ये भारतीय संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला. गुणवत्ता आपल्याकडे होती. तिला धरून ठेवणारी वस्ती, घरोघरी दिसणारी स्थानिक लीग आणि दोन वाईट मोसम सोसणारा क्लब, हे आपण उभे केले नाही. मिझोरमने ते आधी उभे केले, म्हणून विजेतेपद तिकडे गेले. महाराष्ट्राला फुटबॉलमध्ये पुढे यायचे असेल, तर मोठे नाव विकत घेण्याआधी हीच तीन कामे हाती घ्यावी लागतील.