नळदुर्गला जाताय?

किल्ल्यात तळं आणि तळ्याच्या बांधात महाल! तुळजापूर तालुक्यातल्या नळदुर्गात दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात बोरी नदी अडवून बांध घातला गेला. पाणीमहाल त्या बांधाच्या पोटातच आहे. वरून नदी कोसळते, आत माणूस कोरडा.

सहलीला पावसाळाच उत्तम, पण नुसता श्रावण लागून भागत नाही. बोरीला भरपूर पाणी आलं, तरच ‘नर’ आणि ‘मादी’ हे धबधबे वाहतात. निघण्याआधी गावात चौकशी करावी.

उंच उपळी बुरुजावरून सारा परिसर दिसतो. चढताना घाम निघतो.

गाव सोलापूर-हैदराबाद महामार्गावर आहे. रेल्वेने येणाऱ्यांनी सोलापूरला उतरावं. ओल्या दगडांवर शेवाळं असतं, मुलांचा हात सोडू नये.